विचारा मास्तरांना : ‘श्यामची आई’ आधी वाचायची की बघायची?

(मागच्या अंकात मी बालवाङ्मयावरच्या सिनेमांबद्दल लिहा म्हटलं आणि पत्रांचा ढीग पडला. त्यातली चार घेतो. नव्या वाचकांसाठी ओळख : मी हायस्कुलात 31 वर्षं ग्रंथपाल होतो. शाळेचा 16 मिलिमीटरचा प्रोजेक्टरही माझ्याच गळ्यात होता.)

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. सुट्टीत तिला ‘श्यामची आई’ लावून दिला, अत्र्यांचा जुना. पोहण्याचा प्रसंग झाला आणि ती उठून गेली. जाताना म्हणाली, “एवढं मारते ती आई चांगली कशी?” मला काही सुचलं नाही. सासूबाई म्हणतात, आधी पुस्तक वाचून घ्यायला हवं होतं.
– एक आई, पिंपरी

उत्तर : सासूबाईंचं निम्मं पटतं. ‘वाचून घ्यायला हवं होतं’ हे मात्र नाही. पुस्तक म्हणजे काही पोलिओचा डोस नव्हे.

मुलीच्या प्रश्नापाशी मी स्वतः कैक वर्षं अडलो आहे. पुस्तकातली ही बारावी रात्र. श्याम पाण्याला भितो, पोहायला जायची वेळ झाली की दडून बसतो. आई त्याला हुडकून काढते, झोडपते आणि विहिरीवर धाडते. आता हे आपल्याला सांगतं कोण? तोच श्याम. मोठा झालेला, आश्रमात मित्रांना जमवून रोज रात्री एक आठवण सांगणारा. ज्याच्या पाठीवर वळ उठले, तोच म्हणतो की ती माझी आई होती. त्यामुळे वाचताना मार लागतो, पण तो जुना झालेला असतो, मऊ पडलेला असतो. पडद्यावर तसं होत नाही. तिथे फोक आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत बसतो. दहा वर्षांची पोरगी उठून जाणारच.

म्हणून ‘आधी काय’ हा वाद सोडा. आज रात्री तिला तेवढं एकच प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा, पंधरा-वीस मिनिटांचं काम. पोहून आल्यावर आई त्याच्या पाठीवरून हात फिरवते, तिचे डोळे भरतात, लोकांनी तुला भित्रा म्हटलेलं तुला चालेल का असं ती विचारते. तिथे सावकाश वाचा. मग पुन्हा सिनेमा लावा आणि या वेळी मुलीला आईचं काम केलेल्या वनमालाबाईंच्या चेहऱ्याकडे बघायला सांगा, छडीकडे नको.

आणि मारणं चूक, हेही तिला सरळ सांगून टाका. मी पट्टीने पोरांच्या हातावर मारत असे. आज ती पोरं पन्नाशीची झाली, रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात आणि मला त्यांचे तळवे आठवतात. ‘श्यामच्या आईने मारलंच की’ असं म्हणून मी सुटका करून घ्यायचो. तिने मारल्यावर पाठीवरून हात फिरवला होता, मी तोही फिरवला नाही.

जाता जाता : आमच्याकडची भाड्याची प्रिंट नेमकी याच जागी तुटायची. तुटली की दिवे लावायचे, पट्टीच्या टोकाचा थर ब्लेडने खरवडायचा, फिल्म सिमेंटचा, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रवाचा, थेंब सोडायचा, दोन टोकं एकावर एक ठेवून अंगठ्याने दाबायची आणि वीसपर्यंत मोजायचं. पोरंही माझ्याबरोबर ओरडून मोजायची. दर सांध्याला एक-दोन चित्रं कापून टाकावी लागत, सेकंदाला 24 असतात. होता होता आमचा श्याम दर वर्षी विहिरीत जरा लवकर पडू लागला.

प्रश्न : पुस्तकात 42 रात्री आहेत. सिनेमात त्यातल्या कितीतरी नाहीत. ‘मूळ कादंबरीवर आधारित’ म्हणून अशी काटछाट करणं ही वाचकाची फसवणूक नाही का?
– निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

उत्तर : नाही. हिशेब तुम्हीच करा, बँकेतले आहात. सिनेमा साधारण अडीच तासांचा. 42 रात्री कोंबल्या तर रात्रीला जेमतेम साडेतीन मिनिटं येतात. तेवढ्यात ‘अळणी भाजी’ शिजणारही नाही.

साने गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये लिहायला घेतलं, आणि पाच दिवसांत बहुतेक सगळं कागदावर उतरवलं. त्या झपाट्यात ते कथानक बांधत बसलेच नाहीत. एकेक आठवण सुटी, एकेक रात्र आपल्या पायावर उभी. सिनेमाला मात्र सुरुवात लागते, चढ लागतो, शेवट लागतो. अत्रे नाटककार होते, आणि त्याआधी पुण्यात शाळेचे हेडमास्तर. वर्गातल्या शेवटच्या बाकावरचं पोर कधी चुळबुळायला लागतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी निवड केली, आणि जिथे पुस्तक बोलतं तिथे गाणं घातलं. ‘भरजरी गं पितांबर’ घ्या. शब्द अत्र्यांचे, चाल वसंत देसाईंची, गळा आशाबाईंचा. कृष्णाचं बोट कापलं, चिंधी हवी होती. सख्ख्या बहिणीला आपलं भारी वस्त्र फाडवेना, द्रौपदीने मात्र अंगावरचा पितांबर फाडला. प्रेम रक्ताचं नसतं, मनाचं असतं, हे पुस्तकभर पसरलेलं म्हणणं चार मिनिटांत आलं. याला तुम्ही काटछाट म्हणा, मी आटवणं म्हणेन. बासुंदी करताना दूध कमी होतंच.

तुमचं एक दुःख मात्र माझंही आहे. पडद्यावर मुलं गोष्ट बघतात, ऐकत नाहीत. 1981 सालची गोष्ट. सभागृहात शेवटचं रीळ चढवलं आणि वीज गेली. आईचं आजारपण चालू होतं, सातवीची पोरं हलेनात. वाचनालयाची किल्ली माझ्या खिशातच होती. पुस्तक आणलं, शिपायाने कंदील धरला आणि मी 41वी रात्र वाचली. निम्मी पोरं झोपली, हे कबूल करतो. शेवटी मागून एकाने विचारलं, “सर, श्याम आईपाशी वेळेवर का नाही पोचला?” मी सांगितलं, लांब शिकायला होता. त्या पोराचं समाधान झालेलं दिसलं नाही. तो स्वतः वसतिगृहातला होता, हे मला नंतर कळलं.

प्रश्न : या सिनेमाला देशातलं पहिलं सुवर्णपदक मिळालं असं वडील सांगत. खरं आहे का? साने गुरुजींनी तो पाहिला होता का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : वडिलांचं खरं आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार 1954 साली पहिल्यांदा दिले गेले, 1953 च्या चित्रपटांसाठी, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळालं. त्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’सुद्धा स्पर्धेत होता, त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. यावरून पैजा लागतात, लावा आणि जिंका.

गुरुजींनी पाहिला नाही. 11 जून 1950 ला ते गेले. श्यामचं काम केलेले माधव वझे पुढे नाट्यसमीक्षक झाले, पण लोकांनी त्यांना जन्मभर श्यामच म्हटलं.

2023 मध्ये सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर पुन्हा सिनेमा केला, तोही कृष्णधवल. त्यात साने गुरुजींच्या भूमिकेत ओम भूतकर आहेत. आधी जुना बघा. नवा आधी बघितला तरी आभाळ कोसळणार नाही म्हणा.

प्रश्न : नातवाला ‘फास्टर फेणे’चा सिनेमा दाखवला. आता तो मी वाचून दाखवतो ती पुस्तकं खोटी आहेत म्हणतो, कारण ‘खरा फेणे मोठा आहे’.
– आजोबा, ठाणे

उत्तर : 2017 च्या त्या सिनेमात अमेय वाघ आहे, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा शाळकरी पोरगा, सायकलवर उंडारणारा. नातवाला सांगा, पुस्तकातला फेणे मोठा होऊन सिनेमात गेला. पुरावा मागितलाच तर सिनेमात खुद्द भा. रा. भागवत दाखवलेत, दिलीप प्रभावळकरांनी केलेले, ते दाखवा. आणि फेणेचं ते ‘ट्टॉक’ जिभेने नीट वाजवायला शिका आजोबा. तुम्हाला तो आवाज जमला की पोरगं पुस्तकाकडे येईल.