आईनं प्लग काढला त्या दिवसापासून

"मॅडम, तो कसले गेम खेळतो ते तुम्ही एकदा बघाच. अर्ध्या कपड्यातल्या बायका लाथा मारत असतात. पंधरा वर्षांचा मुलगा आहे हो माझा. त्याची नजर बिघडली तर?"

वैशालीताई खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलून मोकळ्या झाल्या. (घरातल्या सगळ्यांची नावं बदलली आहेत, आणि त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.) गेल्या काही वर्षांत समुपदेशनासाठी येणाऱ्या कितीतरी आयांनी हा प्रश्न माझ्याकडे आणला. बाबा मंडळी तो सहसा विचारत नाहीत, दारात उभं राहून ऐकतात.

घडलं ते गौरी जेवणाच्या दिवशी. घर पाहुण्यांनी भरलेलं. हॉलमध्ये त्यांचा मुलगा ओम आणि त्याचा चुलतभाऊ निखिल टीव्हीला प्लेस्टेशन जोडून 'स्ट्रीट फायटर ६' हा मारामारीचा गेम खेळत होते. पंगत उठली, बायका हात पुसत हॉलमध्ये आल्या. पडद्यावर कॅमी नावाची सोनेरी केसांची लढवय्यी होती. अंगात हिरवा, पोहण्याच्या पोशाखासारखा तोकडा ड्रेस, मांड्या उघड्या. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "हे असलं बघतात का गं तुझी मुलं?" वैशालीताईंनी भिंतीजवळ जाऊन प्लग खेचला आणि चारचौघांत ओमला म्हणाल्या, "लाज वाटत नाही?"

त्याला तीन आठवडे झाले होते. ओम घरात फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलत होता.

ओम एकटा माझ्यासमोर बसला तेव्हा पहिला बराच वेळ बुटाची लेस सोडत-बांधत होता. कपड्यांचा विषय मी काढलाच नाही. विचारलं, "कॅमीच का घेतोस?" त्यानं मान वर केली.

"ती फास्ट आहे, मॅडम. एकदा जवळ गेलं की समोरच्याला उसंत द्यायची नाही. कुणी उडी मारून वरून आलं की कॅनन स्पाइक, खालून सरपटत जायचं तर स्पायरल ॲरो." दहा मिनिटं तो तिचं तंत्र समजावत होता, बोटं मांडीवर बटणं दाबल्यासारखी हलत होती. मग जरा थांबून म्हणाला, "आणि तो ड्रेस मी लावतच नाही. निखिलदादानं लावला होता. ह्या गेममध्ये तिचा मेन ड्रेस वेगळाय." त्यानं फोनवर चित्र काढून दाखवलं. केस कापलेले, वर छोटं जॅकेट, खाली लेगिंग. १९९३ पासूनचा तो हिरवा ड्रेस २०२३ च्या गेममध्ये पर्यायी ड्रेस म्हणून ठेवलेला आहे, खेळणाऱ्यानं निवडला तरच दिसतो.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ओमनं सांगितलंही नव्हतं, कारण ते सांगायला जागाच उरली नव्हती.

"आईला वाटतं मी घाणेरडा आहे," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या वाक्याची. पंधराव्या वर्षी आकर्षण वाटणं, डोळा तिकडे वळणं हे वाढीचं लक्षण आहे. मी ओमला ते स्पष्ट शब्दांत सांगितलं, कारण घरात कुणी सांगितलेलं नव्हतं. आपल्या मनात येतं ते सगळं घाण आहे असं एकदा मुलाला वाटलं की तो विचारायचं थांबतो आणि पुढचं सगळं लपून शिकतो. त्या रात्री लाज वाटायची वेळ ज्यांनी तो ड्रेस बेतला त्यांच्यावर यायला हवी होती. ती आली पंधरा वर्षांच्या मुलावर.

वैशालीताईंना मी त्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं. असे गेम खेळून मुलगा बायकांकडे वाईट नजरेनं बघायला लागतो, असं ठामपणे म्हणायला अभ्यासात आधार मिळत नाही. २०२२ साली ख्रिस्तोफर फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा असा खात्रीचा संबंध त्यांना दिसला नाही. पण म्हणून ते चित्रण बरं आहे असं मी म्हणणार नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३१ वर्षांच्या गेममधल्या ५७१ स्त्री पात्रांची पाहणी केली होती. अंगप्रदर्शनाचा कळस नव्वदच्या दशकात झाला आणि पुढे ते उतरत गेलं, असं त्यात दिसलं. म्हणजे कुणीतरी हे ठरवून केलं होतं, आणि पुढे कुणीतरी ठरवून कमी केलं.

सगळे गेम एका माळेचे मणीही नाहीत. 'डेड ऑर अलाइव्ह' ही १९९६ ची जपानी मालिका पात्रांच्या छातीच्या हालचालीसाठीच गाजली, आणि २००३ मध्ये त्याच लढवय्या मुलींना बिकिनी घालून समुद्रकिनारी व्हॉलीबॉल खेळायला पाठवलं गेलं. निखिलकडे त्यातला एक गेम होता. तो ओमसाठी नाही, हे मी आईसमोर आणि ओमसमोर एकाच शब्दांत सांगितलं. त्याच बैठकीत मी वैशालीताईंना 'मॉर्टल कॉम्बॅट ११' बद्दल विचारलं, कारण ओम तोही खेळायचा. "त्यात नुसती मारामारी असते ना, ते चालतं," त्या म्हणाल्या. २०११ च्या भागापेक्षा २०१९ च्या या भागात बायका अंगभर कपड्यांत आहेत हे खरं. पण शेवटच्या घावात माणसाचे तुकडे होतात, रक्त उडतं, आणि त्यासाठी घरात कुणी कधी प्लग काढला नव्हता. वैशालीताई बराच वेळ गप्प बसल्या.

ओमला मी एक काम दिलं. खेळताना मध्येच थांबव आणि स्वतःला विचार, कॅमेरा आत्ता इथे कुणी ठेवला? पुरुष लढवय्या आला तेव्हा कुठे होता? पुढच्या बैठकीला तो वही घेऊन आला. इंटरनेटवर त्यानं स्वतःच शोधलं होतं. 'स्ट्रीट फायटर ५' मध्ये आर. मिका नावाची कुस्तीगीर आहे. तिच्या मोठ्या डावाच्या सुरुवातीला ती स्वतःच्या पार्श्वभागावर थाप मारते. २०१५ मध्ये चाचणीच्या आवृत्तीत ते अगदी समोर दिसायचं. नंतर कंपनीनं कॅमेरा वर सरकवला, थाप चौकटीच्या बाहेर गेली.

"मॅडम, डाव तोच आहे. डॅमेज तेवढाच. फक्त कॅमेरा हलवला." हे सांगताना त्याचा आवाज चढला होता. आपल्याला काय दाखवायचं हे दुसरं कुणीतरी ठरवत होतं, हे त्याचं त्याला सापडलं होतं.

इथवर ही ओमची केस होती. पण त्या दिवशी घरी कुणी नव्हतं म्हणून धाकटी ईश्वरीही सोबत आली होती. बारा वर्षांची, सातवीत. ऑक्टोबरच्या उन्हात जाड स्वेटशर्ट घालून कोपऱ्यात बसली होती. मी सहज विचारलं, "तू कोण घेतेस गं खेळताना?"

"केन."

"बाई नाही घेत?"

तिनं आधी ओमकडे बघितलं. "मी चुन-ली घेतली की निखिलदादा आणि त्याचे मित्र काहीतरी बोलतात. मला नाही, तिला. पण मलाच कसंतरी होतं."

ओमनं वही मिटली.

मुलाच्या नजरेची एवढी काळजी करणाऱ्या घरात हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि हे मी दोष द्यायला म्हणत नाही. माझ्याही ध्यानात ते पहिल्या दोन बैठकींत आलं नव्हतं. ईश्वरी शाळेच्या खो-खो संघात होती. ऑगस्टपासून प्रॅक्टिसला जात नव्हती. घरी सांगितलेलं कारण, पाय दुखतो. माझ्याकडे तिसऱ्या भेटीत सांगितलेलं कारण, हाफ पँट. "पळताना सगळे बघतात."

१९९८ साली अमेरिकेत बार्बरा फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. कॉलेजच्या मुलामुलींना एकेकट्याला, आरसा असलेल्या बंद खोलीत, कुणाला पोहण्याचा पोशाख तर कुणाला स्वेटर घालायला दिला आणि त्याच कपड्यांत गणितं सोडवायला सांगितली. खोलीत बघणारं कुणीच नव्हतं. तरी पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना गणितं कमी जमली. मुलांना फरक पडला नाही. बघणारा बाहेर नसला तरी मुलगी स्वतःच स्वतःकडे बाहेरून बघायला लागते, आणि डोक्यातली अर्धी जागा त्यातच जाते. ईश्वरीचं खो-खोच्या मैदानावर हेच चाललं होतं. ते एका गेममुळे झालं असं मी म्हणणार नाही. वय वाढतंय, रील आहेत, 'जाड झालीस गं' म्हणणाऱ्या आत्या आहेत. पण आपल्यासारख्याच एका बाईबद्दल मोठी मुलं काय बोलतात हे तिनं त्या सोफ्यावर बसून ऐकलं होतं.

तिच्या बाबांना मी मुद्दाम बोलावलं. ते आले, अवघडून बसले, आणि चुन-लीचं नाव निघताच एकदम म्हणाले, "मी शाळेत असताना स्टँडजवळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये हीच घ्यायचो. रुपयाचं नाणं टाकायचं. हिच्या लाथा मोजताच यायच्या नाहीत." ओम त्यांच्याकडे बघतच राहिला. बाबा कधीकाळी खेळायचे हे त्याला माहीतच नव्हतं.

मग मी त्या चौघांना चुन-लीबद्दल बोलू दिलं. १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर २' च्या आठ लढवय्यांत ही एकटी बाई. इंटरपोलची अधिकारी, बापाच्या खुन्याच्या मागावर. ड्रेस कमरेपर्यंत कापलेला, पण मांड्या पैलवानाच्या. तिची पडद्यावरची ताकदीची पट्टी (ती संपली की लढवय्या हरतो) बाई म्हणून इतरांपेक्षा आखूड ठेवावी, असा विचारही गेम बनवताना निघाला होता. तो मान्य झाला नाही. ईश्वरीनं हे दोनदा विचारून घेतलं. "म्हणजे सेम पट्टी?" "सेम," ओम म्हणाला.

त्यांच्या घरात मी गेम बंद करायला सांगितलं नाही. प्लेस्टेशन हॉलमध्येच राहील, आठवड्यातून एकदा आई-बाबांपैकी कुणीतरी हातात कंट्रोलर घेऊन खेळेल, एवढंच ठरलं. खो-खोच्या सरांशी वैशालीताईंनी बोलायचं, ट्रॅक पँट चालेल का म्हणून. आणि एक काम ओमकडे आलं, ते त्यानं स्वतः मागून घेतलं. निखिलशी काय बोलायचं त्याची आम्ही माझ्या खोलीत तीन वेळा तालीम केली. मोठ्या भावाला टोकणं पंधराव्या वर्षी सोपं नसतं. पहिल्या दोन वेळा त्याला हसू फुटलं.

दिवाळीनंतर वैशालीताईंचा फोन आला. भाऊबिजेला निखिल आला होता. ईश्वरीनं चुन-ली घेतली, निळ्या जुन्याच ड्रेसमध्ये. निखिल काहीतरी बोलायला लागला तसा ओम म्हणाला, "दादा, ती खेळतेय. तसलं बोलायचं नाही." निखिल हसला, ओम हसला नाही. मग निखिल गप्प बसला.

"आणि ईश्वरीनं काय केलं?" मी विचारलं.

"तिचं लक्षच नव्हतं हो. ती बाबांना हरवत होती." मग त्या म्हणाल्या, सर हो म्हणालेत, सोमवारपासून ती मैदानावर जातेय.