फॉलिकल १८ मिमी, मग स्त्रीबीज केवढं?

प्रश्न : सोनोग्राफीत पाळीच्या १२व्या दिवशी उजवीकडे १८ मिमीचं फॉलिकल दिसलं. म्हणजे स्त्रीबीज तयार झालं ना? वय ३६.

उत्तर : १८ मिमी हे माप फॉलिकलचं, म्हणजे बीजाभोवतीच्या पाण्याने भरलेल्या पिशवीचं. आतलं स्त्रीबीज जेमतेम ०.१ मिमी, ते सोनोग्राफीत दिसतच नाही. पिशवी रोज साधारण १ ते २ मिमी वाढते आणि बहुधा १८ ते २४ मिमीला फुटते.

बीज मात्र तुमच्या जन्माआधीपासून अर्धवट विभाजनात थांबलेलं असतं. एलएच हे बीज बाहेर पडण्याचा इशारा देणारं संप्रेरक उसळलं की ते विभाजन पुन्हा सुरू होतं, निम्मी गुणसूत्रं एका बारीक पेशीत बाहेर टाकली जातात आणि सुमारे ३६ तासांनी बीज बाहेर पडतं. उरलेलं विभाजन शुक्राणू आत शिरल्यावरच. इतकी वर्षं गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं झिजतात, म्हणून पस्तिशीनंतर चुकीच्या वाटणीचं प्रमाण वाढतं. माप उत्तम असूनही गर्भ न राहण्याचं हे एक मोठं कारण.

कधी पिशवी न फुटताच राहते. त्यामुळे दोन-तीन दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करा. बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, तेव्हा शरीरसंबंध पिशवी फुटण्याआधीच यावेत. सहा महिने प्रयत्न होऊन गेले असतील, तर तज्ज्ञांना दाखवाच.