ऑफिसात स्केचबुकं अदलाबदल करायची आहेत: वही कोणती, किती दिवसांनी बदलायची, आणि दुसऱ्याचं चित्र बिघडलं तर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातले आठ जण, प्रत्येकाची एक वही, ठरावीक दिवसांनी ती पुढच्याकडे द्यायची आणि त्याने तिच्यात चित्र काढायचं. निम्म्यांना चित्रकला येते, निम्मे म्हणतात की शाळेनंतर ब्रश हातात धरला नाही. काय काळजी घ्यावी?

असे उपक्रम चित्रकला येत नाही म्हणून बंद पडत नाहीत. कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये वही अडकते म्हणून बंद पडतात. आणि वही अडकते ती बहुतेक वेळा भीतीने: "हिचं पान इतकं सुंदर आहे, मी हात लावला तर वाट लागेल." त्यामुळे नियम ठरवताना एवढंच पाहा की त्याने भीती किंवा दिरंगाई कमी होते का. होत नसेल तर तो नियम काढून टाका.

आठ जणांचा एकच गट करू नका. दोन आठवड्यांचा एक फेरा धरला तर आठ जणांना सोळा आठवडे लागतात. तोवर कोणी नोकरी बदलतं, कोणाचं लग्न निघतं. चार-चारचे दोन गट करा, आठ आठवड्यांत मोकळे व्हाल. सगळ्या वह्या एकाच दिवशी हलल्या पाहिजेत, म्हणजे कोणाकडे दोन वह्या आणि कोणाचे हात रिकामे असं होत नाही. तो दिवस मंगळवार किंवा बुधवार ठेवा. सोमवार-शुक्रवारला रजा जोडून घेतलेल्या असतात. कोणी रजेवर असेल तर वही त्याला वगळून पुढे जाऊ द्या, त्याची पानं कोरी सोडा, तो नंतर भरेल. वाट पाहत थांबायचं नाही, हा एक नियम कडक ठेवा.

बहुतेक गट वह्या गोल फिरवतात: अ कडून ब, ब कडून क. त्यात गोम अशी की ब ला प्रत्येक वेळी अ च्याच हातून आलेली वही मिळते, म्हणजे दर वेळी अ च्याच चित्राला उत्तर द्यायचं. चौघांसाठी त्याऐवजी हा क्रम वापरा (एक ओळ म्हणजे एक वही, पहिलं नाव मालकाचं):

अ – ब – ड – क
ब – क – अ – ड
क – ड – ब – अ
ड – अ – क – ब

उभं वाचलंत तर प्रत्येक फेऱ्यात चौघांकडे एकेकच वही असते. आडवं वाचलंत तर कोणाच्याही लगेच मागे तोच माणूस दोनदा येत नाही. सहा जण असतील तर पहिली ओळ १–२–६–३–५–४ अशी घ्या आणि पुढच्या प्रत्येक ओळीत सगळ्या आकड्यांत एक मिळवत जा, सहानंतर पुन्हा एक. तीन, पाच किंवा सात जणांत असा तक्ता बसत नाही, म्हणून गट सम संख्येचा करा.

आता वही. दुकानात मिळणारी जाडजूड शंभर पानी वही घेऊ नका. ती कधीच भरत नाही आणि अर्धी कोरी राहिली की काम अर्धवट सुटल्यासारखं वाटतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना फुल इम्पीरियल शीट माहीत असेल, २२ बाय ३० इंच. २०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद घ्या. एका शीटचे ११ बाय साडेसात इंचांचे आठ तुकडे होतात. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की साडेपाच बाय साडेसात इंचांची ३२ पानं (दोन्ही बाजू मोजून). चार तुकडे एकात एक घातले की एक फर्मा, असे दोन फर्मे. कापण्याआधी शीट दोन्ही दिशांना हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने ती सहज वाकते, त्या वाकेला समांतर घडी आली पाहिजे. उलट आली तर घडीवर कागद तडकतो आणि वही मिटत नाही, तोंड वासून राहते. ३०० जीएसएमचा मोह टाळा. चार तुकडे एकात एक घातल्यावर तो नीट दुमडत नाही. १२०-१४० जीएसएमवर पेन-पेन्सिल छान चालते, पण पाण्याचा रंग लावला की पान पापडासारखं होतं.

फर्मा शिवायला तीन भोकं पुरतात. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकात, आतून मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची टोकं येतील अशी गाठ मारा. मी तर म्हणेन, दोन फर्मे एकत्र न बांधता कव्हरच्या खिशात सुटे फिरवा आणि शेवटी बांधा. काम करताना पान सपाट पडतं, आणि एका फर्म्यावर चहा सांडला तर दुसरा वाचतो. विकतची वही घ्यायचीच असेल तर शिवलेली घ्या. नुसती गोंदाने चिकटवलेली असेल तर इतक्या हातांतून गेल्यावर पानं सुटायला लागतात.

३२ पैकी शेवटचं पान चाचणीसाठी. वही हातात आली की आपलं पेन, रंग, मार्कर आधी तिथे एक इंचभर लावून, वाळू देऊन, पान उलटून पाहायचं. निम्मे अपघात इथेच टळतात.

अपघातांचे प्रकार ठरलेले आहेत. अल्कोहोल मार्कर २०० जीएसएममधूनही मागे उतरतो, तेव्हा मागच्या पानावर कोणाचं काम असेल तर तो हातातच घेऊ नका. स्केचपेन आणि बहुतेक फाउंटन पेनांची शाई पाणी लागताच पसरते. आधीच्याने रेघ कशाने मारली आहे ते माहीत नसेल तर कोपऱ्यातल्या रेघेवर ओल्या ब्रशचं नुसतं टोक टेकवा. रंग सुटला तर त्या पानावर कोरडंच काम करा. पिग्मेंट शाईचं वॉटरप्रूफ पेन, ०.३ किंवा ०.५ मिलिमीटर टोकाचं, प्रत्येकाकडे असू द्या, पण रेघ मारल्यावर दहा मिनिटं थांबून मगच पाणी लावा. ऑइल पेस्टल कधीच पूर्ण वाळत नाही, समोरच्या पानाला लागतो आणि त्यावर जलरंग धरत नाही. पोस्टर कलरचा थर जाड असेल तर मधल्या घडीवर भुगा होऊन पडतो, म्हणून घडीपासून एक सेंटीमीटर दूर राहा. अ‍ॅक्रिलिक हाताला कोरडं लागलं तरी समोरासमोरची दोन अ‍ॅक्रिलिक पानं दाबाखाली आणि उष्णतेत एकमेकांना चिकटतात. उघडताना दोन्हींचा रंग सोलून निघतो. अशा पानांमध्ये बेकिंगचा पार्चमेंट कागद घाला. पेन्सिल आणि कोळशाच्या कामावर साधा बटर पेपर पुरतो. फिक्सेटिव्ह (पेन्सिल-कोळसा पुसला जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे) मारायचं तर गच्चीत किंवा बाल्कनीत, फुटभर अंतरावरून, दोन पातळ हात.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, एक गोष्ट वेगळी पाहावी लागते. पान वर वाळलेलं दिसतं पण कागद आत ओला असतो. हाताची मागची बाजू पानाला लावा. गार लागलं तर अजून ओल आहे, वही मिटू नका. ओली मिटलेली वही सतत दमट राहिली की बुरशीचे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. ने-आण झिपच्या पिशवीत करा, आणि डब्याच्या कप्प्यात नको. तेलाचा डाग कागदावरून सहसा पूर्ण निघत नाही.

चिकटकाम करणारा एक तरी निघतोच. बसचं तिकीट, चहाच्या पुडीचा कागद, कापडाचा तुकडा, सगळं चालेल, पण फेव्हिकॉलमधल्या पाण्याने पान सुरकुततं. ग्लू स्टिक वापरा, किंवा फेव्हिकॉल पुठ्ठ्याच्या कडेने अगदी पातळ ओढून वजनाखाली वाळवा. वही फुगायला लागली तर एखादं कोरं पान काढून टाकावं लागतं. ते मुळापासून फाडू नका, नाहीतर त्याच तुकड्याचं पलीकडचं पान सुटून येतं. घडीजवळ दीड सेंटीमीटरची पट्टी ठेवून कापा.

बिघडण्याच्या भीतीवर उपाय मालकाने करायचा असतो. पहिल्या जोडपानावर (समोरासमोरच्या दोन पानांवर) त्याने स्पष्ट लिहावं: कशावरून काढलं तर चालेल, काय झाकायचं नाही. हात लावू नये अशा पानाच्या कोपऱ्यात लाल ठिपका, बाकी सगळं खुलं. लाल ठिपके दोनच्या वर नकोत. सगळं जपायचं असेल तर वही घरीच ठेवलेली बरी. प्रत्येकाने आपल्या पाळीत तीन कामं करावीत: एक जोडपान स्वतःचं पूर्ण, एक अर्धं सोडलेलं, आणि आधीच्याने अर्धं सोडलेलं पुरं करणं. अर्धं सोडणं हेही एक कसब आहे. डोळ्या-नाकानिशी रंगवलेल्या चेहऱ्याला कोणी हात लावत नाही. पानाचा निदान तिसरा हिस्सा कोरा ठेवा आणि आकार कडेला तोडून द्या: रिक्षाचा नुसता पुढचा भाग, कपाचा कान, चहाच्या ग्लासाचं गोल वळ. पुढच्याला चटकन काहीतरी सुचतं.

ज्यांना "येत नाही" त्यांच्यासाठी घडीचा खेळ ठेवा. १९२५ च्या सुमारास पॅरिसमध्ये सरिअलिस्ट मंडळी, म्हणजे स्वप्नासारखी अतर्क्य चित्रं काढणारे कलाकार, हा खेळायची. कागदाची पट्टी दुमडून तीन भाग, वर डोकं, मध्ये धड, खाली पाय. आधीच्याने काय काढलं ते झाकलेलं. मानेच्या आणि कमरेच्या रेघा घडीपलीकडे जेमतेम अर्धा सेंटीमीटर येऊ द्यायच्या, म्हणजे पुढच्याला कुठून सुरुवात करायची ते कळतं. यात चांगलं-वाईट असं काही उरतच नाही. ही पट्टी वेगळ्या कागदावर करून वहीत चिकटवा, म्हणजे मागच्या पानाला घड्या पडत नाहीत.

नावं तिथल्या तिथे लिहा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या अकबरनाम्याच्या चित्रांखाली रेखाटन कोणाचं आणि रंगकाम कोणाचं याच्या नोंदी लाल शाईत आहेत. तुम्हीही पानाच्या खालच्या कडेला पेन्सिलने "रेघ: अमुक, रंग: तमुक, महिना" एवढं लिहा. सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

ऑफिस आहे म्हणून तीन गोष्टी आधीच बोलून घ्या. सहकाऱ्याचं व्यंगचित्र त्याला विचारल्याशिवाय काढायचं नाही, साहेबांचं तर नाहीच. क्लायंटचे कागद, प्रिंटआउट, ओळखपत्र चिकटवायचं नाही. आणि दुसऱ्याचं पान त्याला न विचारता इन्स्टाग्रामवर टाकायचं नाही: वही मालकाची असली तरी चित्राचा हक्क ते काढणाऱ्याकडे असतो. वही पुढे देण्याआधी प्रत्येक जोडपानाचा फोटो काढून गटाच्या फोल्डरमध्ये ठेवा, खिडकीजवळ, फ्लॅश न मारता. वही लोकलमध्ये राहिली तर तेवढंच हाती उरतं, आणि शेवटी सगळ्यांना सगळ्यांची पानं छापून घेता येतात.

कोणी मध्येच सोडलं तर त्याला टोमणे मारू नका. त्याच्या हातातली वही त्याच दिवशी काढून घ्या, त्याची स्वतःची वही पुढे फिरत ठेवा आणि आठ आठवडे झाले की त्याला परत द्या. तक्त्यात त्याच्या जागी दुसऱ्या गटातलं कोणी एका पाळीपुरतं यायला तयार असेल तर उत्तमच.