केमोनंतर मुलाचं तोंड आलंय, लेझरने भाजणार तर नाही ना?

नाही, भाजत नाही. तुम्ही लिहिलंय की ब्लड कॅन्सरसाठी मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध दिल्यावर आठव्या दिवशी सात वर्षांच्या मुलाचं तोंड आलं, तो पाणीसुद्धा घेत नाही, आणि डॉक्टरांनी लेझरचं नाव काढल्यापासून घरात सगळे धास्तावलेत. मी लहान मुलांची दंतवैद्य आहे, केमो चालू असलेल्या मुलांना हाच लेझर देते. कापणारा, जाळणारा लेझर वेगळा. हा अगदी कमी शक्तीचा, बहुतेकदा ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा लाल प्रकाश असतो.

केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते. तोंडाच्या आतलं अस्तरही भराभर बदलणारं, म्हणून तेही सोलवटून निघतं. लाल प्रकाश पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांत, शोषला जातो, त्यांची ऊर्जा वाढते, सूज आणि ठणका कमी होतो. गंमत म्हणजे हे सापडलं चुकून. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एन्ड्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर लेझर मारला, तर तिथले केस लवकर उगवले!

माझ्याकडे एक पाच वर्षांची मुलगी आली होती. हनुवटीखाली टॉवेल धरून बसलेली, स्वतःची लाळही गिळत नव्हती. नुसती बोटाने दाखवायची. ‘आधी बाबांना’ अशी खूण केली, मग बाबांच्या तळहातावर लाल ठिपका पाडून दाखवला तेव्हा तोंड उघडलं. ओठांची आतली बाजू, गाल, जिभेच्या कडा. एकेका जागी काही सेकंद. चौथ्या दिवशी तिने गार केलेली पेज चार चमचे घेतली. सगळ्याच मुलांना इतक्या लवकर फरक पडतो असं नाही, आणि रक्तातल्या पेशी वाढू लागल्या की तोंड आपोआपही सुधारतं, त्यामुळे सगळं श्रेय लेझरला देणार नाही.

खरं तर लेझरचा जास्त उपयोग तोंड येण्याआधी होतो. मुलांसाठीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस आहे ती प्रतिबंधासाठी, तीही बोन मॅरो प्रत्यारोपण आणि डोक्या-मानेचं रेडिएशन घेणाऱ्या मुलांसाठी. नुसत्या केमोत पुरावा त्यामानाने कमी आहे, तरी मी देते. तोंडातच गाठ असेल तर मात्र तिच्यावर प्रकाश मारत नाहीत.

लेझर चालू असताना बाकीचं सोडू नका. मऊ ब्रश, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा, डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक जेवणाच्या थोडं आधी. पांढरा थर कापसाने खरवडायचा नाही, प्लेटलेट कमी असतील तर रक्त थांबता थांबत नाही. आजी जाईचा पाला चघळायला सांगतील, कुणी बोरोग्लिसरीन आणून देईल. पाला एरवी ठीक, पण पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चा पाला तोंडात नको; बोरोग्लिसरीन तर लहान मुलांना एरवीही नको. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर घरी क्रोसिन देऊन वाट बघू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. लघवी कमी झाली तरी तेच. आणि ऑनलाइन मिळणारे लाल दिवे कृपा करून घेऊ नका.

उद्या डॉक्टरांना विचारा, पुढचं मेथोट्रेक्सेट कोणत्या तारखेला आहे आणि त्याच दिवसापासून लेझर सुरू करता येईल का. खोलीत थांबणार असाल तर मुलाबरोबर तुमच्यासाठीही गॉगल मागून घ्या; तो प्रकाश डोळ्यांना चालत नाही.