वाचकांचे प्रश्न : स्कॉटिश फुटबॉलचा १९६६-६७चा हंगाम

प्रश्न : सेल्टिकने १९६७ साली लिस्बनमध्ये युरोपियन चषक जिंकला, एवढेच मला ठाऊक आहे. त्या वर्षी हा संघ उतरला ती प्रत्येक स्पर्धा त्याने जिंकली, असे नुकतेच ऐकले. त्या स्पर्धा कोणत्या, आणि लीग चषक व स्कॉटिश चषक या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण ऐकलेले खरे आहे. त्या हंगामात ग्लासगोच्या सेल्टिकने पाच स्पर्धा जिंकल्या : ग्लासगो चषक, लीग चषक, स्कॉटिश चषक, लीगचे अजिंक्यपद आणि युरोपियन चषक. यांपैकी ग्लासगो चषक त्या शहरातील संघांपुरता मर्यादित होता. लीग चषक आणि स्कॉटिश चषक या मात्र पूर्णपणे वेगळ्या स्पर्धा आहेत. स्कॉटिश चषक ही १८७३-७४मध्ये सुरू झालेली जुनी बाद स्पर्धा, तर लीग चषक दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. त्या काळी त्याची सुरुवात ऑगस्टमध्ये गटवार सामन्यांनी होत असे आणि पहिला मोठा चषक हिवाळ्यापूर्वीच कोणाच्या तरी हाती पडलेला असे. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी बॉबी लेनॉक्सच्या एकमेव गोलच्या बळावर सेल्टिकने ग्लासगोच्याच रेंजर्सला हरवून तो मिळवला.

लीगची चुरस मात्र शेवटपर्यंत टिकली. पहिल्या विभागात अठरा संघ होते, प्रत्येकाचे ३४ सामने होत आणि विजयाला दोनच गुण मिळत, त्यामुळे बरोबरीलाही आजच्यापेक्षा अधिक मोल होते. ६ मे १९६७ रोजी सेल्टिकला एका गुणाची गरज होती आणि सामना होता रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर. मुसळधार पावसात, चिखलाने भरलेल्या त्या मैदानावर ठेंगण्या चणीच्या जिमी जॉन्स्टनने दोन गोल केले. त्यांतील दुसरा त्याने दूरवरून डाव्या पायाने मारला होता. सामना २-२ असा सुटला आणि अजिंक्यपद सेल्टिककडे आले. ५८ गुण आणि १११ गोल असा त्यांचा अखेरचा हिशेब होता; रेंजर्सचे गुण ५५ झाले. लिस्बनमधील प्रतिस्पर्धी इंटर मिलानचे प्रशिक्षक हेलेनिओ हेरेरा त्या दिवशी प्रेक्षकांत बसले होते. एकोणीस दिवसांनी, २५ मे रोजी, इंटरच्या माझ्झोलाच्या पेनल्टीने मागे पडलेल्या सेल्टिकने जेमेल आणि चामर्स यांच्या गोलांमुळे त्यांच्या संघाला २-१ असे हरवले. एकेकाळी कोळशाच्या खाणीत काम केलेले व्यवस्थापक जॉक स्टीन यांनी घडवलेल्या त्या संघातील अकराही खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून सुमारे तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. मला त्या विजयातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

प्रश्न : त्या हंगामात सेल्टिकला स्कॉटलंडमध्ये कोणीच हरवले नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हरवले, आणि दोन्ही वेळा एकाच संघाने. डंडी युनायटेडने ३१ डिसेंबर रोजी आपल्या टॅनाडाइस मैदानावर आणि ३ मे रोजी खुद्द सेल्टिकच्या मैदानावर, दोन्ही वेळा ३-२ अशा गोलफरकाने विजय मिळवला. याच डंडी युनायटेडने त्या मोसमात प्रथमच युरोपीय स्पर्धेत पाऊल ठेवले होते आणि पहिल्याच लढतीत बार्सिलोनाला बार्सिलोनात २-१ आणि घरी २-० असे नमवले होते. अजिंक्य संघाचे कौतुक करताना हा संघ विसरला जातो, हे योग्य नाही.

प्रश्न : 'बेरिक'च्या सामन्याचा उल्लेख रेंजर्सचे समर्थक आजही टाळतात, असे वाचले. तिथे काय घडले? बेरिक हे गाव इंग्लंडमध्ये असताना तिथला संघ स्कॉटलंडमध्ये कसा खेळतो? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ट्वीड नदीच्या मुखाशी वसलेले बेरिक मध्ययुगात कित्येकदा एका राज्याकडून दुसऱ्याकडे गेले आणि अखेर इंग्लंडकडे राहिले, पण तिथला फुटबॉल संघ स्कॉटलंडच्या लीगमध्ये खेळत असे. २८ जानेवारी १९६७ रोजी स्कॉटिश चषकाच्या पहिल्या फेरीत, दुसऱ्या विभागातील या बेरिक रेंजर्सच्या शीलफील्ड पार्क मैदानावर ग्लासगोचे रेंजर्स आले, तेव्हा ते मागच्या वर्षीचे चषकविजेते होते. १३,३६५ प्रेक्षकांसमोर ३२व्या मिनिटाला सॅमी रीडने गोल केला आणि उरलेला सुमारे तासभर रेंजर्सना बरोबरी साधता आली नाही. बेरिकचा गोल राखणारा जॉक वॉलेस हा त्या संघाचा व्यवस्थापकही होता. पुढे १९७२मध्ये हाच वॉलेस रेंजर्सचा व्यवस्थापक झाला आणि त्याने त्या संघाला १९७५-७६ व १९७७-७८ या दोन हंगामांत देशातील तिन्ही प्रमुख स्पर्धा जिंकून दिल्या.

माझ्या मते त्या दिवसाचा खरा परिणाम चार महिन्यांनी दिसला. पराभवाचे खापर जिम फॉरेस्ट आणि जॉर्ज मॅक्लीन या दोन आघाडीपटूंवर फुटले. ते रेंजर्सच्या पहिल्या संघातून पुन्हा कधीच खेळले नाहीत आणि लवकरच दोघेही दुसऱ्या संघांत गेले. फॉरेस्ट म्हणजे १९६३च्या लीग चषकाच्या अंतिम सामन्यात एकट्याने चार गोल करणारा खेळाडू. इकडे रेंजर्स युरोपियन कप विनर्स कपमध्ये (निरनिराळ्या देशांच्या मागच्या वर्षीच्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेत) बोरुसिया डॉर्टमुंडला हरवून, झारागोझाविरुद्ध बरोबरी झाल्यावर नाणेफेकीच्या कौलाने पुढे सरकून अंतिम सामन्यात पोहोचले. सेल्टिकच्या विजयानंतर सहाच दिवसांनी, ३१ मे रोजी, न्यूरेंबर्गमध्ये त्यांची गाठ बायर्न म्युनिकशी पडली. त्या सामन्यात आघाडीच्या मध्यभागी रॉजर हिंड खेळला, आणि तो मुळात बचावपटू होता. पूर्वार्धात त्याला गोलची उत्तम संधी मिळाली, ती साधली नाही, आणि जादा वेळेत फ्रान्त्स रोटच्या गोलने बायर्न १-० असे जिंकले. एका सामन्याच्या रागातून गोल करणारे खेळाडू दूर केले नसते, तर एकाच शहराकडे एकाच आठवड्यात दोन युरोपीय चषक आले असते, असे म्हणण्यास निश्चितच जागा आहे.

प्रश्न : थर्ड लॅनार्क नावाचा जुना संघ याच हंगामानंतर बंद पडला असे दिसते. एवढ्या जुन्या संघाला कोणी वाचवले कसे नाही? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याचा आनंद वाटतो, कारण या हंगामाच्या वर्णनांत तो क्वचितच येतो. लॅनार्कशायरच्या स्वयंसेवक रायफल पलटणीतील सैनिकांनी १८७२मध्ये स्थापन केलेला हा ग्लासगोचा संघ १९०३-०४मध्ये लीगचा अजिंक्य ठरला होता आणि त्याने स्कॉटिश चषकही दोनदा, १८८९ व १९०५मध्ये, जिंकला होता. १९६०-६१च्या हंगामात तर शंभर गोल करून तो लीगमध्ये तिसरा आला होता. तिथून अवघ्या सहा वर्षांत तो संपला. संघाची घसरण मैदानावर झाली खरी, परंतु तिचे मूळ कार्यालयात होते : चांगले खेळाडू विकले गेले, देणी थकत गेली, आणि अखेर संघाच्या कारभाराची सरकारी व्यापार खात्यामार्फत चौकशी झाली, तिच्या अहवालात व्यवस्थापनावर कडक ताशेरे ओढले गेले. कर्जाखाली दबलेला संघ १९६७च्या उन्हाळ्यात विसर्जित झाला. वाचवायला कोणी आले नाही, याचे कारण संघाचे मालक आणि संघावर प्रेम करणारे प्रेक्षक हे दोन वेगळे गट होते, आणि निर्णय फक्त पहिल्या गटाच्या हाती होता.

२५ एप्रिल रोजी कॅथकिन पार्क या त्यांच्या मैदानावरचा शेवटचा सामना क्वीन ऑफ द साउथशी ३-३ असा बरोबरीत सुटला. २८ एप्रिल रोजी डम्बार्टन येथे ते १-५ असे हरले; त्यांचा तो अखेरचा गोल ड्र्यू बझ्बीने केला. दुसऱ्याच दिवशी, कॅथकिन पार्कपासून चालत जाता येईल अशा हॅम्पडेन पार्कवर, सव्वा लाखांच्या आसपास प्रेक्षकांसमोर विली वॉलेसच्या दोन गोलांनी सेल्टिकने अ‍ॅबरडीनला हरवून स्कॉटिश चषक उचलला. कॅथकिन पार्क आज सार्वजनिक उद्यान आहे. मैदान तसेच आहे, आणि त्याच्या तीन बाजूंना प्रेक्षकांच्या जुन्या पायऱ्या झाडांच्या सावलीत अजून उभ्या आहेत.