गोळ्यांचा खरा आकडा

प्रिय मित्रा,

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तू किती थकला आहेस ते कळले; दुसऱ्या वाचनात लक्षात आले की चार पाने भरून लिहूनही दिवसाला किती वेदनाशामक गोळ्या घेतोस हे तू कुठेच सांगितलेले नाहीस. ‘जरा जास्त’, ‘दुखणे उठले की’, ‘डॉक्टरांनी दिल्यापेक्षा कधीमधी एखादी अधिक’ असे शब्द आहेत, आकडा मात्र नाही. यात तुला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ दोन वर्षे मीही याच भाषेत बोलत होते. स्ट्रिपमधून गोळी काढताना होणारा चुरचुर आवाज शेजारच्या खोलीत जाऊ नये म्हणून मी रात्री न्हाणीघरातला नळ सोडून ठेवत असे, आणि रिकाम्या स्ट्रिपा पुस्तकांच्या मागे सारत असे. केराच्या डब्यात टाकल्या तर कोणीतरी मोजील, असे वाटे. मोजण्याची धास्ती खरे तर मलाच होती, हे कळायला फार वेळ गेला.

मदत मागायची तर कोणाकडे आणि कशी, असे तू विचारले आहेस. माझे सांगणे असे की सुरुवात एका कागदापासून कर. कोणत्या नावाची गोळी, किती मिलिग्रॅमची, किती वाजता, किती. शिवाय झोपेची गोळी, दारू, खोकल्याचे औषध, जे काही पोटात गेले असेल ते सगळे, निदान तीन दिवस, जसेच्या तसे लिहून काढ. हा कागद कोणाला दाखवायचा ते पुढे सांगते. पण तो नसेल तर मिळणारी मदत तुझ्यापर्यंत पोहोचतच नाही. तू सांगितलेल्या एका सौम्य आजारी माणसाला ती मिळत राहते, आणि तू बाजूला तसाच राहतोस.

आकडा ओठांवर येत नाही तो लाजेमुळे, म्हणून आधी लाजेविषयी लिहिते. मॉर्फिन आणि त्याच कुळातील कोडीन, ट्रॅमाडॉल, ऑक्सिकोडोन ही औषधे लागू पडतात, कारण त्यांना बसण्यासाठी आपल्या मेंदूत मुळातच जागा आहेत. १९७३ साली शास्त्रज्ञांना या जागा प्रत्यक्ष दाखवता आल्या, आणि १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतःच तयार करत असलेली तशी द्रव्ये शोधून काढली. बाहेरून रोज मोठा पुरवठा होऊ लागला की ही सगळी व्यवस्था त्या हिशेबाने स्वतःला बदलून घेते. मग तीच गोळी पुरेनाशी होते, वेळ चुकली की अंग मोडून येते, आणि काही जणांच्या बाबतीत तर वेदनेची जाणीवच अधिक तीव्र होत जाते. म्हणजे ज्या गोळीने दुखणे शमवायचे तीच ते वाढवू लागते. यात तुझ्या संस्कारांचा किंवा मनाच्या कणखरपणाचा प्रश्न कुठेही येत नाही.

तरीही एक भेद तुला कळायला हवा. शरीराला औषधाची सवय लागणे आणि व्यसन लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदानपुस्तिकेत असे स्पष्ट केले आहे की डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सांगितल्याप्रमाणेच औषध घेणाऱ्या माणसाची मात्रा वाढवावी लागली किंवा औषध थांबल्यावर त्याला त्रास झाला, तर ही दोन लक्षणे व्यसनाच्या खात्यात धरायची नाहीत. व्यसन दिसते ते इतर गोष्टींत. कमी करायचे तीनदा ठरवून तिन्ही वेळा फसणे, दोन डॉक्टरांकडून एकाच महिन्यात चिठ्ठ्या घेणे, गोळी संपत आली की कामातून लक्ष उडणे, हे सगळे तू तुझ्याच हाताने लिहिले आहेस. रोगाचे निदान मी करणार नाही. ते डॉक्टरांचे काम आहे. पण ‘मला फक्त दुखण्याचा त्रास आहे’ या वाक्यापाशी तू थांबू नयेस, एवढे मात्र मला वाटते.

आणि अपुऱ्या आकड्याने फसलेला तू काही एकटा नाहीस. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात जेमतेम एका परिच्छेदाचे पत्र छापून आले होते. रुग्णालयात दाखल असताना अशी औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त ४ जणांना व्यसन लागल्याची नोंद आढळली, एवढेच त्यात म्हटले होते. रुग्णालयात गोळी परिचारिकेच्या हातून मिळते. घरी महिनोन्‌महिने डबी उशाशी असते, आणि त्या माणसांविषयी ते पत्र काहीच सांगत नव्हते. तरी पुढील काही दशकांत ते शेकडो लेखांत आधार म्हणून वापरले गेले. २०१७ साली त्याच नियतकालिकात या वापराची मोजणी प्रसिद्ध झाली तेव्हा असे ६०८ उल्लेख सापडले, आणि त्यांपैकी बहुतेकांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्टच सांगितली नव्हती. शिकलेसवरलेले डॉक्टर जिथे एका अर्धवट आकड्यावर विसंबले, तिथे तू स्वतःला इतका दोष देऊ नयेस.

आता डॉक्टरांविषयी. तो कागद सर्वांत आधी त्यांच्यासमोर ठेवायचा आहे, आणि तो ठेवण्यापूर्वी गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. ‘सोमवारपासून एकही नाही’ असा निश्चय तू कळवला आहेस, तो कृपा करून मागे घे. लवकर उतरणाऱ्या औषधांचा त्रास शेवटच्या मात्रेनंतर साधारण ८ ते २४ तासांत सुरू होतो आणि ४ ते १० दिवस टिकतो. सतत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब, पायांची न थांबणारी तडफड आणि झोपेचा पत्ता नाही, असे त्याचे रूप असते. ट्रॅमाडॉल एकाएकी थांबवल्याने तीव्र घबराट आणि भास झाल्याचीही उदाहरणे आहेत. २०१९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही औषधे अचानक थांबवू नयेत असा जाहीर इशारा दिला, तो अशा माणसांना असह्य वेदना आणि निराशा झाल्याचे, काहींनी आत्महत्या केल्याचे समोर आल्यानंतरच. वर्षाहून अधिक काळ औषध चालू असेल तर दर महिन्याला सुमारे १० टक्के किंवा त्याहूनही सावकाश कमी करावे, असे अमेरिकेच्याच रोग नियंत्रण संस्थेच्या (सीडीसी) २०२२ सालच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. ही उतरण डॉक्टर ठरवतील ती तू दिलेल्या आकड्यावरून. बारा गोळ्या घेणाऱ्याने सहा सांगितल्या तर पहिल्याच दिवशी त्याची मात्रा निम्म्यावर येते, तो कळवळतो, आणि पुस्तकांमागे दडवलेल्या साठ्याकडे वळतो. माझा पहिला प्रयत्न नेमका असाच बुडाला. तुझ्या गोळीत पॅरासिटॅमॉल मिसळलेले असेल तर तेही कागदावर लिही, कारण प्रौढ माणसाने ते दिवसाला ४ ग्रॅमच्या वर घेतले तर यकृताला धोका असतो, आणि गोळ्या वाढत गेल्या की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

डॉक्टरांसमोर काय बोलावे हे सुचत नसेल तर एवढेच म्हण: “मी तुम्ही लिहून दिल्यापेक्षा जास्त गोळ्या घेतो, हा त्यांचा हिशेब आहे, आणि मला एकट्याला त्या कमी करता येत नाहीत.” हे वाक्य मी आरशासमोर उभी राहून पाठ केले होते. पहिल्या डॉक्टरांनी ते ऐकून फाइल मिटली आणि ‘दुसरीकडे पाहा’ असे सांगितले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना वाटले की आता पुन्हा कोणापुढे तोंड उघडायचे नाही. ते मौन पाच महिने टिकले, आणि माझ्या आयुष्यातला तोच सर्वांत महाग काळ होता. दुसऱ्या डॉक्टरांनी कागद वाचला, पेन खाली ठेवले आणि विचारले, “रात्री झोप किती वेळ लागते?” मी रडू लागले, कारण कित्येक महिन्यांत मला कोणी गोळीखेरीज काही विचारलेच नव्हते. तुला पहिल्याच दारात असा माणूस भेटो. नाही भेटला तर ते त्या दाराचे उणेपण समज, आणि त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्तीचे काम करणारा डॉक्टर गाठ.

ते कदाचित तुला ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही व्यसनावरच्या उपचारात वापरली जाणारी, त्याच कुळातील औषधे सुचवतील. ‘एक गोळी सोडायला दुसरी गोळी कशाला’ असे तुला आतून वाटेल आणि बाहेरून ऐकूही येईल. मी हा आक्षेप स्वीकारत नाही. व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वाँडर या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमध्ये मेथाडोनच्या उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते १९६५ साली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली ती २००५ साली. ती ठरल्या मात्रेत, ठरल्या वेळी दिली जातात; तडफड आणि ओढ दोन्ही आटोक्यात येतात, आणि माणसाला पुन्हा कामावर जाता येते, घरच्यांशी धड बोलता येते. ब्युप्रेनॉर्फिन मात्र केव्हा सुरू करायचे ते डॉक्टरांनाच ठरवू दे. आधीची गोळी अंगात असताना ते घेतले तर त्रास एकदम उफाळून येतो, आणि लोक मग औषधालाच दोष देतात.

घरी कोणाला सांगायचे, हा तुझ्या पत्रातला सर्वांत हळवा भाग. सगळ्यांना एकदम सांगण्याची गरज नाही. तुझी बहीण तुला हवी आहे असे दिसते, तर तिला सांग. पण तिच्यावर नुसते ओझे टाकू नकोस, तिला नेमके काम दे. गोळ्यांचा डबा तिच्याकडे कुलपात राहील, ती ठरल्याप्रमाणे एका दिवसाच्या किंवा आठवड्याच्या गोळ्या काढून देईल, आणि डॉक्टरांकडे पहिल्या दोन वेळा सोबत येईल, इतके पुरे. तुझे खिसे तपासणे, डोळे न्याहाळणे, खोटे पकडणे हे तिचे काम नव्हे, हेही स्पष्ट बोलून घे. माझ्या घरी हा फरक कोणी केला नाही. माझ्या यजमानांवर नकळत पहारा करण्याची वेळ आली, आणि आम्ही दोघे कित्येक महिने एकमेकांना चुकवत राहिलो. बहीण रागावेल, कदाचित दोन दिवस बोलणारही नाही. तिच्याशी खोटे बोलला आहेस, तेव्हा तिचा राग ऐकून घे. व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट असतात, तसे तिच्यासारख्या घरच्या माणसांसाठीही वेगळे असतात, ते तिला सुचव.

गटांविषयी तू ‘ती माझ्यासारखी माणसे नसतील’ असे लिहिले आहेस. डॉक्टरांच्या चिठ्ठीने या वाटेला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला असेच वाटते. नार्कोटिक्स ॲनॉनिमस ही अशा गटांची संघटना १९५३ सालापासून चालते. ज्यांना तिथली आध्यात्मिक भाषा मानवत नाही त्यांच्यासाठी १९९४ साली सुरू झालेली स्मार्ट रिकव्हरीसारखी वेगळी पद्धत आहे, आणि दोन्हींच्या बैठका घरबसल्याही गाठता येतात. पहिल्या बैठकीत काही न बोलता मागच्या खुर्चीवर बसलास तरी चालते. मी तशीच बसले होते. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ बोलताना सहज म्हणाले की गोळी काढताना आवाज होऊ नये म्हणून ते खोकत असत, आणि मला माझा नळ आठवला. काही बैठकांत ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्याला ‘तू अजून सुटलेला नाहीस’ असे सुनावले जाते. तसे झाले तर औषध सोडू नकोस, बैठक बदल.

मूळ दुखणे राहीलच, आणि त्यावर उपचार मागण्याचा तुझा हक्क या सगळ्यात कुठेही कमी होत नाही. व्यायामोपचार आणि दुसऱ्या जातीची औषधे यांविषयी डॉक्टरांना आग्रहाने विचार. आणि उद्या दात काढायचा असो की शस्त्रक्रिया, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा इतिहास आधीच सांग.

शेवटचा विषय मी टाळू शकत नाही. मात्रा कमी झाल्यावर शरीराची सहनशक्तीही उतरते. अशा वेळी पाय घसरला आणि माणसाने जुना आकडा एकदम घेतला, तर जो आकडा काही महिन्यांपूर्वी अंगवळणी पडलेला होता तोच श्वास थांबवू शकतो. दारू किंवा झोपेची गोळी सोबत असेल तर अधिकच. म्हणून या गोळ्यांचा परिणाम तात्पुरता उतरवणाऱ्या नॅलोक्सोन या औषधाविषयी डॉक्टरांना विचार आणि मिळत असेल तर ते घरी ठेव. नाकात फवारता येते अशा रूपातही ते मिळते, आणि वापरायचे कसे ते बहिणीला शिकून घेऊ दे, कारण ज्याला गरज पडते त्याला ते स्वतःला देता येत नाही. हाक मारून उठत नाही, श्वास मंद किंवा घुरघुरता, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असे दिसले तर तिने आधी रुग्णवाहिका बोलवावी, मग औषध द्यावे, आणि तू शुद्धीवर आलास तरी तुला एकटे सोडू नये. नॅलोक्सोनचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि गोळ्यांचा त्याहून अधिक टिकू शकतो. आणि पाय घसरलाच तर दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना नवा आकडा सांग. लपवलेला एक दिवस दुसरा दिवस लपवायला लावतो, हे मी अनुभवाने लिहिते आहे.

गुरुवारी तुझी डॉक्टरांची वेळ आहे. कागद, सगळ्या स्ट्रिपा आणि दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून आदल्या रात्रीच दाराशी ठेव, आणि बहिणीला आजच विचार. बुधवारी रात्री झोप आली नाही तर मला फोन कर. वेळ कोणतीही असली तरी मी उचलीन. परत आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते कळव, आणि कागदावरचा आकडा मलाही कळव, जसा असेल तसा.

तुझी हितचिंतक