लघवीच्या जंतुसंसर्गानंतर आईचा अल्झायमर एकदम वाढल्यासारखा का वाटतो?

म्हापशाहून विचारलंत, आईंना ताप आल्यापासून माणसं ओळखता येत नाहीत. संबंध नक्की आहे.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात. एरवी त्या साचलेलं अमायलॉइड नावाचं प्रथिन खाऊन साफ करतात. अल्झायमरमध्ये मात्र त्या सतत चवताळलेल्या राहतात, सायटोकाइन, म्हणजे सूज वाढवणारी रसायनं, सोडतात आणि चेतापेशींचे धडधाकट जोडही खातात. ही सूज रोगाचा नुसता परिणाम नाही: मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियात काम करणाऱ्या ट्रेम-२ जनुकातले काही दुर्मिळ बदल अल्झायमरचा धोका वाढवतात.

त्यात अंगात संसर्ग झाला की त्याचे संदेश रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात आणि आधीच तापलेल्या पेशी आणखी भडकतात. डिचोलीची माझी आत्या अशाच तापात भरदुपारी तुळशीपुढे दिवा लावायला निघाली होती. अँटिबायोटिक लागू पडल्यावर बरीच सावरली, पण पूर्ववत नाही. असा अचानक गोंधळ 'वयच झालं' म्हणून सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरॉलॉजी, म्हणजे मेंदूविकारांचा, विभागही आहे.

आणि कृपा करून सुजेवरच्या गोळ्या मनाने देऊ नका. नॅप्रोक्सेनसारख्या औषधांच्या चाचण्यांत अल्झायमर टळला नाही, आणि म्हाताऱ्या माणसाच्या पोटाला, किडनीला ती बाधतात.